श्वानाची वेणीफणी

महाभारताच्या आरंभीच एका कुत्र्याच्या पिलास मार बसतो आणि महाभारताच्या अखेरीस एक कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत जाऊन पोहोचतो, ही गोष्ट पुष्कळ वाचकांच्या ध्यानात राहिलेली नसते. आदिपर्वात जनमेजयाचे बंधू सत्राच्या जागी आलेल्या सरमापुत्रास, त्याने हविर्द्रव्याकडे नुसते पाहिलेही नसता, झोडपून काढतात. त्याची माता सरमा येऊन जाब विचारते आणि कोणीच उत्तर देत नाही असे पाहून शाप देऊन निघून जाते. महाप्रास्थानिक पर्वात धर्मराज, मागोमाग चालत आलेल्या श्वानास सोडून इंद्राच्या रथात पाऊल ठेवण्याचे साफ नाकारतो. मधल्या काळात पाणिनीने श्वा, युवा आणि मघवा, म्हणजे कुत्रा, तरुण व साक्षात् इंद्र, या तिघांस एकाच सूत्रात शेजारी शेजारी बसविले, व त्या पंक्तिभेदरहित सूत्रावर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या हसत आल्या. निष्कारण दिलेले दुःख एका टोकास आणि आश्रितास न सोडण्याचे व्रत दुसऱ्या टोकास: मनुष्य व श्वान यांच्या संबंधाचे सारे स्वरूप या दोन कथांत आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आज आम्ही ज्या विषयावर लिहिणार आहो तो या थोर कथांच्या मानाने अगदीच किरकोळ वाटेल. लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर होणारी जट आणि ती होऊ नये म्हणून घरच्या घरी घ्यावयाची काळजी, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्या घरात असे कुत्रे आहे त्या घरास तो किरकोळ नाही, आणि त्या कुत्र्यास तर मुळीच नाही. गिरगावातील वाड्यांत, दादरच्या हिंदू कॉलनीत, परळ-लालबागेत जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत आज सकाळ-संध्याकाळ साखळीला धरून फिरावयास नेलेली कुत्री पाहिली, तर त्यांत झुपकेदार केसांची जात फार. पूर्वी या वस्तीत पाळीव कुत्रे म्हटले म्हणजे बहुधा पांढरे पॉमेरेनियन असावयाचे. आता त्याच्या जोडीस शिह त्झू, ल्हासा अप्सो, कॉकर स्पॅनियल, गोल्डन रिट्रीव्हर अशी मंडळी आली आहेत. ती दिसावयास मोहक, स्वभावाने लाघवी. पण त्यांचे जे सौंदर्य तेच त्यांचे दुखणे होऊन बसते, ही गोष्ट विकत घेताना सहसा कोणी सांगत नाही.

परदेशी वस्त्र, मुंबईची हवा

आपल्या मुलखातील कुत्रे पाहा. कारवान किंवा मुधोळ म्हणून जे दख्खनचे शिकारी कुत्रे प्रसिद्ध आहे, आणि ज्याच्या पैदाशीस मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आश्रय दिला, त्याच्या अंगावर केस असतात ते अगदी आखूड व अंगाबरोबर चोपून बसलेले. या उन्हात व या पावसात हेच वस्त्र शोभते. ल्हासा अप्सो हा तिबेटच्या मठांतला रहिवासी. शिह त्झूचे मूळही तिबेट-चीनकडचे, आणि चिनी भाषेत त्याच्या नावात सिंह आहे. पॉमेरेनियनचे नाव बाल्टिक समुद्राच्या काठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून पडले. गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडातला. हे सर्व थंड प्रदेशांतले जीव. त्यांच्या अंगावरचा तो घनदाट अंगरखा त्यांच्या जन्मभूमीत उपकारक होता. तोच मुंबईत, जेथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात दोरीवरचे धोतर चार चार दिवस वाळत नाही, तेथे काळजीचे कारण होतो.

जट म्हणजे नेमके काय, हे नीट समजले म्हणजे पुढचे उपाय आपोआप समजतात. माणसाच्या डोक्यात एका रंध्रातून बहुधा एकदोन केस निघतात. कुत्र्याच्या कातडीत मात्र एका रंध्रातून एक जाड केस व त्याच्या भोवती अनेक बारीक, मऊ केस असा झुबकाच निघतो. वरचे जाड केस म्हणजे जणू छत्री, आणि आतली लव म्हणजे दुलई. हे सर्व केस जन्मभर टिकत नाहीत. जुने गळतात, नवे येतात. आखूड केसांच्या कुत्र्याचे गळलेले केस जमिनीवर पडतात व घरातील स्त्रिया केर काढताना कुत्र्याच्या नावाने बोटे मोडतात. लांब केसांच्या कुत्र्याचे गळलेले केस पुष्कळदा खाली पडतच नाहीत. ते शेजारच्या जिवंत केसांत अडकून राहतात. 'आमचे कुत्रे केस टाकीत नाही' अशी ज्यांची प्रौढी असते, त्यांनी हे टाकलेले केस जातात कोठे याचा विचार करावा.

शिवाय प्रत्येक केसाच्या पृष्ठभागावर, मंगळुरी कौले एकावर एक बसवावी त्याप्रमाणे, अतिसूक्ष्म खवले असतात. केस ओले झाले, घासले गेले, दाबले गेले म्हणजे हे खवले एकमेकांत गुंततात. काश्मिरात व कच्छात लोकरीचा नमदा करतात तो याच तत्त्वावर: लोकर भिजवावयाची, मळावयाची, दाबावयाची, की तिची एकजीव चादर तयार होते. विणकर लागत नाही, माग लागत नाही. कुत्रा पावसातून भिजून येतो, अंग घासतो, कुशीवर निजतो, पुन्हा उठून पट्ट्याखाली खाजवतो. म्हणजे नमदा करण्याची सारी कृती तो स्वतःच आपल्या अंगावर करीत असतो. त्यात मेलेल्या केसांचा भरणा व रस्त्यावरची धूळ पडली, की जट तयार.

जटेची जागाही ठरलेली असते. कानांच्या मागे, हनुवटीखाली, गळपट्ट्याच्या खाली, पुढच्या पायांच्या बगलेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, मागच्या मांड्यांच्या झालरीत आणि पंज्यांच्या बोटांमध्ये. जेथे जेथे हालचालीने घर्षण होते आणि मालकाचा हात सहज जात नाही, तेथे तेथे ती होते. पाठ, जी आपण येता-जाता कुरवाळतो, ती बहुधा स्वच्छ असते. म्हणूनच मालकाची फसगत होते.

जट हा शब्द आमच्या वाचकांस निराळ्या संदर्भातही परिचित आहे. मनुष्याच्या डोक्यात न विंचरल्यामुळे जी जट होते तिला देवीचा संचार समजून, कित्येक स्त्रियांना ती जन्मभर मानेवर ओझ्यासारखी वागवावी लागली, आणि कित्येक मुली तीपायी देवीस वाहिल्या गेल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक स्त्रियांची समजूत घालून त्यांच्या जटा उतरविल्या, व त्यांची मान मोकळी केली. कारण दोन्हीकडे एकच: मळ, ओलावा आणि न फिरलेली फणी. कुत्र्याच्या जटेस कोणी दैवी मानीत नाही, एवढे त्याचे भाग्य. पण ओझे व ओढ तीच असते. फरक इतकाच, की त्याला तक्रार सांगता येत नाही.

जटेने काय होते

जट ही केवळ दिसावयास वाईट, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. घट्ट झालेली जट कातडीस सतत ओढीत असते. आपल्या डोक्याचा एखादा बुचका कोणी मुठीत धरून अहोरात्र ओढून ठेवला आहे अशी कल्पना करावी, म्हणजे बगलेत जट झालेले कुत्रे पाऊल का आखडते हे समजेल. तिच्याखाली हवा जात नाही, ओलावा मात्र कोंडून राहतो. कातडी लाल होते, चिघळते, दुर्गंधी सुटते. कुत्रा चाटतो, त्यामुळे ओलावा आणखी वाढतो. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली तर आत किडे पडतात, आणि वरून केसांचे आच्छादन असल्यामुळे ते कित्येक दिवस कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. गोचिडांनाही यापरते सुरक्षित बिऱ्हाड नाही, आणि गोचिडांपासून कुत्र्यास जे ताप येतात त्यांत वेळीच उपचार न झाला तर प्राणावर बेतते. शेपटीखालच्या जटेत मळ अडकून शौचाचा मार्गच बंद झाल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नित्य पाहावी लागतात.

यात आणखी एक हानी आहे, ती स्वभावाची. आमच्या माहितीच्या एका घरी, गिरगावातल्या एका जुन्या वाडीत, तीन पिढ्यांचे अकरा माणसांचे कुटुंब आहे. त्यांच्याकडे पाच वर्षांचे शिह त्झू आहे. स्वभाव इतका गरीब, की घरातील तान्ह्या मुलाने कान ओढला तरी चूं करावयाचे नाही. एका श्रावणात ते एकाएकी गुरगुरू लागले. कोणी उचलावयास गेले की अंग चोरी; एके दिवशी नातवाने बगलेत हात घालून उचलले, तेव्हा त्याच्या मनगटावर दात उमटले. घरात सभा भरली. कुत्रे चावरे झाले, लेकरांच्या घरात ठेवणे धोक्याचे, कोठे तरी गावाकडे पाठवून द्यावे, येथपर्यंत गोष्ट आली. निघण्यापूर्वी एकदा पशुवैद्यास दाखवावे, असे घरातील धाकट्या सुनेने धरून बसून सर्वांस कबूल करविले. वैद्यांनी पुढचा पाय उचलून केस दूर केले, तो दोन्ही बगलांत तळहाताएवढी जट आणि तिच्याखाली ओली, सोललेली कातडी. यंत्राने ती जट उतरविण्यास तासभर लागला. औषधोपचार झाले, आणि आठवड्याभरात तेच कुत्रे त्याच नातवाच्या मांडीवर डोके ठेवून निजू लागले. कुत्रे चावरे झाले नव्हते. ते दुःख सांगत होते, आणि सांगण्यास त्याच्यापाशी दातांखेरीज दुसरी भाषा नव्हती.

या हकीकतीतील विचार करण्याजोगी बाब अशी, की त्या घरात कुत्र्यास विंचरण्याचा ब्रश होता, तो रोज वापरलाही जात होता. अकरा माणसांपैकी ज्याला वेळ मिळे तो पाठीवरून चार हात फिरवी, आणि बगल दुसऱ्या कोणी विंचरली असेल असे समजे. एकत्र कुटुंबात जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाही.

साधने आणि रीत

साधने फार लागत नाहीत. बारीक वाकड्या तारांचा एक ब्रश, ज्यास दुकानात स्लिकर म्हणतात. एका अंगास विरळ व दुसऱ्या अंगास दाट दाते असलेली पोलादी फणी. आणि पाणी फवारण्याची एक बाटली. आपल्या डोक्याची प्लास्टिकची फणी या कामी चालत नाही, कारण ती गाठीवरून घसरते व विंचरल्याचे खोटे समाधान देते. तारांचा ब्रश किती दाबून चालवावा, याची परीक्षा प्रथम स्वतःच्या कोपराखालच्या हातावर करावी. आपल्या कातडीस जे बोचते ते कुत्र्यासही बोचते. किंबहुना अधिक, कारण त्याची कातडी आपल्याहून पातळ असते.

रीत मात्र आपल्या घरात पूर्वापार चालत आलेली आहे. ज्या आजीने नातींचे गुडघ्यापर्यंतचे केस रोज संध्याकाळी विंचरून वेणी घातली आहे, तिला या शास्त्रात नवीन शिकण्यासारखे फारसे नाही. केस मुळाशी मुठीत धरावयाचे म्हणजे ओढ डोक्यास लागत नाही. प्रथम टोके सोडवावयाची, मग मध्य, मग मूळ. आणि गुंता ओढून तोडावयाचा नाही, तर उलगडावयाचा. हेच तीन नियम येथे आहेत. त्यांत एकाची भर घालावयाची, ती भांग पाडण्याची.

कुत्र्यास कुशीवर निजवावे. एका हाताच्या पंजाने पोटाच्या बाजूचे केस वर उचलून धरावे, म्हणजे खालच्या अंगास कातडीची एक स्वच्छ रेघ दिसते. हा पहिला भांग. त्या रेघेखालचे केस फवाऱ्याने किंचित ओलसर करून, टोकांकडून मुळाकडे येत, ब्रशाने मोकळे करावे. मग बोटभर वर दुसरा भांग, मग तिसरा, असे पोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत जावे. कातडी दिसली पाहिजे, हा दंडक. वरवर ब्रश फिरविणे म्हणजे दप्तराच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षर काढून आतली पाने कोरी ठेवण्यासारखे आहे, आणि असली दप्तरे आम्ही जन्मभर तपासली आहेत. ब्रश झाला की परीक्षा घ्यावयाची ती पोलादी फणीने: प्रथम विरळ दात्यांनी, मग दाट दात्यांनी. फणी मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेली तर तो भाग उत्तीर्ण. जेथे अडली तेथे पुन्हा ब्रश.

अगदी कोरड्या केसांवर ब्रश चालविला तर केस तुटतात, म्हणून किंचित ओलसरपणा हवा. चिंब ओले मात्र कदापि नकोत. खोबरेल तेल चोपडण्याचा मोह पुष्कळ घरांत होतो. त्याने त्या दिवशी तुकतुकी येते, पण तेलावर धूळ बसते, कुत्रा ते चाटतो, आणि आठ दिवसांनी पहिल्याहून मोठा गुंता पदरी पडतो.

दररोज पंधरा मिनिटे या कामास पुरतात. लांब केस राखावयाचे असतील तर त्यात खाडा चालत नाही. पिलू घरी आल्यापासूनच सवय लावावी. त्या वेळी विंचरण्यासारखे केस नसले तरी पंजा हाती देणे, कान उलटू देणे, स्वस्थ पडणे हे शिक्षण तेव्हाच होते. पुढे नऊदहा महिन्यांच्या सुमारास पिलाची मऊ लव जाऊन मोठेपणीचे केस येऊ लागतात, तेव्हा जट विलक्षण वेगाने होते. हा काळ परीक्षेचा समजावा. काम चांगले झाले की लहानसा खाऊ द्यावा; पण तो देवापुढचा बेदाणा किंवा मनुका नसावा, कारण द्राक्ष व त्याचे सर्व प्रकार कुत्र्याच्या मूत्रपिंडास विषारी ठरू शकतात. चॉकलेट व कांदा हेही कुत्र्यास विषारी ठरू शकतात.

कालनिर्णय

प्रत्येक ऋतूचा व सणाचा हिशोब निराळा आहे. पावसाळ्यात बाहेरून आल्यावर पंजे धुवून, बोटांमधील जागा कोरड्या पंचाने टिपून घ्याव्या. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप माणसास व कुत्र्यास दोघांसही होऊ शकतो, म्हणून हे पाय धुणे दोघांच्याही हिताचे. बोटांमधील व तळव्यांखालील केस आखूड राखले तर चिखल अडकत नाही. गिरगावच्या चौपाटीवर नेल्यास वाळू व खारे पाणी केसांत वाळू देऊ नये. शिवाजी पार्कच्या मैदानावरून आल्यास धूळ व पावसाळ्याअखेरची कुसळे काढून टाकावी. लालबागेत विसर्जनाच्या मिरवणुकीत उधळलेला गुलाल किंवा शिमग्याचा रंग अंगावर पडला, तर तो कोरडा असतानाच ब्रशाने झाडावा, मग धुवावा. गळपट्टा व छातीवरचा पट्टा घरात आल्यावर काढून ठेवावा. पट्ट्याखालची जट निम्मी तेवढ्यानेच टळते.

चाळीच्या सामायिक गॅलरीत बसून हे काम करणाऱ्यांस एक सूचना. वाऱ्याने उडालेले केस शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जातात, आणि मग कुत्र्याच्या जटेपेक्षा सोडविण्यास कठीण असा गुंता निर्माण होतो. खाली जुने वर्तमानपत्र पसरावे, ब्रशातील केस तेथल्या तेथे काढून पुडीत बांधावे, व नंतर ओल्या फडक्याने जागा पुसावी. ज्या घरात वडीलधारी मंडळी अजून सोवळे पाळतात, तेथेही आमचा अनुभव असा, की ताटात केस येईनासा झाला म्हणजे निम्मा विरोध आपोआप मावळतो.

स्नानासंबंधी

सर्वांत मोठा गैरसमज स्नानाचा आहे. गुंता झाला, मळ दिसला, की पुष्कळ जण प्रथम कुत्र्यास न्हाणीघरात नेतात. पाण्याने गुंता सुटत नाही, आवळतो. नमद्याचा दृष्टांत येथे पुन्हा आठवावा. म्हणून नियम असा, की आधी विंचरणे, मग स्नान. एकही गाठ शिल्लक असताना पाणी घालू नये.

स्नान दोन ते चार आठवड्यांनी एकदा पुरे. आपला साबण किंवा शाम्पू वापरू नये. माणसाच्या कातडीचा धर्म आम्लाकडे झुकणारा, कुत्र्याच्या कातडीचा त्या मानाने उदासीन किंवा अल्कधर्मी, म्हणून त्याच्यासाठी केलेलाच शाम्पू घ्यावा. शिकेकाईही टाळावी, कारण ती डोळ्यांत गेली तर फार झोंबते. फेस करताना धुणे चोळल्याप्रमाणे गोल गोल चोळू नये. केस ज्या दिशेने पडतात त्या दिशेने हात ओढीत न्यावा. साबणाचा अंश राहिला तर खाज सुटते, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. नंतर केसांना लावावयाचे कंडिशनर लावून, तेही धुवून टाकावे.

पुसताना टॉवेलने रगडण्याचा मोह आवरावा. टॉवेल गुंडाळून दाबून पाणी टिपून घ्यावे, आणि मग कोमट वाऱ्याच्या यंत्राने, एका हाताने ब्रश चालवीत, मुळापर्यंत कोरडे करावे. वरून कोरडे व आतून ओले कुत्रे आपल्या बिछान्यात जाऊन निजले, की सकाळी जट हजर. मुंबईच्या पावसाळ्यात केस आपोआप वाळतील या आशेवर बसणे म्हणजे दोरीवरच्या धोतराची कथा पुन्हा अनुभवणे होय.

झालेली जट

इतके करूनही एखादी लहान जट सापडेलच. तिच्यावर थोडे कंडिशनर किंवा चिमूटभर मक्याचे पीठ चोळावे, मुळाशी केस बोटांत घट्ट धरावे, आणि बाहेरच्या टोकाकडून बोटांनी तिची शकले करीत यावे. मग फणीच्या टोकाच्या दात्याने थोडे थोडे केस सोडवावे. पाचदहा मिनिटांत ती न सुटल्यास कुत्र्याचा अंत पाहू नये.

कात्री मात्र हाती घेऊ नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. जट कातडीस ओढून तंबूच्या कनातीसारखी वर उचलते, आणि केस कोठे संपले व कातडी कोठे सुरू झाली हे डोळ्यांस दिसत नाही. घरगुती कात्रीने कातडी कापली जाऊन टाके घालावे लागल्याचे प्रकार वारंवार घडतात. मोठी जट जाणत्या माणसाने यंत्रानेच उतरवावी. ती सर्वांगावर असेल, किंवा कातडी चिघळली असेल, तर सरळ पशुवैद्याकडे न्यावे. प्रसंगी कुत्र्यास गुंगी देऊन ते काम करावे लागते. कानावरची जड जट उतरविल्यावर हलके झालेले कान कुत्रा जोराने फडफडावितो, आणि त्यामुळे पाळीत रक्त साकळण्याचा संभव असतो. त्या दिवशी कानांवर लक्ष ठेवावे.

उन्हाळा आला की सर्वांगाचे मुंडन करण्याची जी चाल पडली आहे तिचाही विचार करावा. कुत्रा आपल्यासारखा सर्वांगाने घाम गाळीत नाही. तो मुख्यतः जीभ काढून धापा टाकून अंग थंड करतो. पॉमेरेनियन किंवा गोल्डनसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यास कातडीपर्यंत भादरले तर ऊन थेट कातडीस लागते, आणि कित्येकदा, विशेषतः पॉमेरेनियनमध्ये, केस पुन्हा धड उगवतच नाहीत. त्यांची आतली मेलेली लव विंचरून काढणे, हाच खरा उपाय. शिह त्झू व ल्हासा यांची गोष्ट निराळी. त्यांचे केस वाढत राहणारे असल्यामुळे ते इंचभर आखूड राखता येतात. ज्या घरात रोजची पंधरा मिनिटे खरोखरच निघणार नाहीत, त्या घराने खुशाल हा मार्ग पत्करावा. त्यात कमीपणा काही नाही. जमिनीपर्यंत लोळणारे केस आणि त्यांखाली कुजलेली कातडी, यांपेक्षा आखूड केसांचे सुखी कुत्रे केव्हाही चांगले.

काम कोणाचे

मुंबई शहरास मुक्या जनावरांच्या कैवाराची परंपरा जुनी आहे. 1832 साली कंपनी सरकारच्या हुकमावरून कोटात मोकाट कुत्री मारण्यात येऊ लागली, तेव्हा पारशी मंडळींनी पुढाकार घेऊन कामकाज बंद पाडले, आणि तो प्रसंग इतिहासात कुत्र्यांचा दंगा म्हणूनच नोंदला गेला. 1874 साली जनावरांवरील क्रौर्य थांबविण्यासाठी या शहरात संस्था निघाली. तिचे परळचे जनावरांचे रुग्णालय सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव आजही मिरवीत आहे. 1886 साली त्याच परळात पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. पुढे देश स्वतंत्र झाल्यावर 1960 साली जो कायदा झाला, त्यान्वये पाळलेले जनावर कारणावाचून वाऱ्यावर सोडून देणे हा अपराध ठरला. संस्था आहेत, वैद्य आहेत, कायदाही आहे. पण कोणतीही संस्था घरोघर जाऊन कुत्र्याची बगल तपासणार नाही. ते काम घराचेच.

म्हणून आमची सूचना अशी, की ज्या एकत्र कुटुंबात लांब केसांचे कुत्रे आहे त्यांनी या कामाची स्पष्ट वाटणी करावी. भाग ठरवून द्यावे: कान व मान एकाकडे, बगला व पोट दुसऱ्याकडे, शेपटी व मागचे पाय तिसऱ्याकडे. दहाबारा वर्षांच्या मुलामुलींना यात अवश्य घ्यावे, परंतु दर रविवारी एका मोठ्या माणसाने पोलादी फणी घेऊन सर्वांगाची परीक्षा घ्यावी. मुलांना नीतीचे पाठ देण्याची पुस्तके पुष्कळ आहेत. ज्याला आपले दुःख बोलून दाखविता येत नाही त्याचे दुःख बोटांनी शोधून काढावयाचे, तेही रोज, कोणी शाबासकी देवो वा न देवो, हा धडा मात्र पुस्तकातून देता येत नाही. पुढे याच मुलांना घरातील अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची पाठ तपासावी लागेल, तेव्हा तो धडा उपयोगी पडेल.

धर्मराजाने श्वानास सोडले नाही, म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. आपल्यापैकी फारच थोड्यांना असा प्रसंग हिमालयात येणार आहे. बहुतेकांना तो गॅलरीत, दिवेलागणीच्या सुमारास, हातात फणी असताना आणि दुसरी शंभर कामे खोळंबली असताना येतो. ज्या वाचकांच्या घरी असे कुत्रे असेल त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर त्याला जवळ बोलवावे, आणि त्याच्या कानामागे व बगलेत दोन बोटे मुळापर्यंत घालून पाहावी. बोटे मोकळी फिरली तर उत्तमच. अडली, तर आज रात्रीच आरंभ करावा.